शेगडीचा पहारा

कार्तिकातला चुकार पाऊस पडून गेला,
आभाळ घासल्या परातीसारखं निघालं,
आणि तिसऱ्या दिवशी वारा फिरला.
उत्तरेचा. कोरडा.
सागाची पानं रस्त्यावरून ओढत नेणारा,
रात्रभर कुणी सुपं फरफटवावीत तसा.

माझ्या बीटात गवत छातीभर.
भाद्रपदात मीच कौतुकानं वहीत लिहिलं होतं,
यंदा गवत उत्तम.
आता त्याची कुसळं मोज्यांतून घोट्यात शिरतात.
जाळरेषा काढायच्या राहिल्यात,
त्यांचा निधी जानेवारीत येतो.
वाऱ्याला हे कुणी कळवलेलं नाही.

कोसमटोलीच्या बांध्यांत धानाचे पुंजणे उभे,
वर्षाचा भात, अजून मळायचा.
दुपारी डोंगरामागून धुराचा एक दोरा वर आला
नि मोडला.
हरिचंद कोडवते बैल सोडता सोडता थांबला,
नाक वर करून म्हणाला,
"लांब हाये. पण वारा इकडंच पाहून रायला."

कोतवालानं डफडं वाजवलं :
वारा बसेपर्यंत चूल नाही, बिडी नाही,
देवापुढचा दिवासुद्धा नाही.
गावानं शिळा भात पाण्यात कालवला.
मंडईतून आणलेले चुरमुरे पोरांनी संपवले
आणि रोज असंच असावं म्हणाली.

तेव्हा जैतुराबाई सुईण उठली.
देवांगनाचं लेकरू चार दिवसांचं,
अंगावर कापसाइतकंही मांस नाही.
"थंडी हाडात जाते त्याच्या. शेक त द्याच लागते.
तुमी सारे जंगल वाचवा,
मी हे वाचवतो."

बरीच भांडाभांडी झाली.
शेवटी ठरलं : गावात एकच विस्तव,
आणि त्याच्यावर पहारा माझा.

दोन बादल्या पाणी, ओलं पोतं, पळसाची हिरवी डहाळी
घेऊन मी बाळंतिणीच्या खोलीत बसले,
वर्दीतच. बूट दाराबाहेर.
मातीची शेगडी, गोवरीचा तुकडा, त्यावर चिमूटभर ओवा.
वारा कौलांखालून आत यायचा
आणि राखेतून निखारा डोळा उघडायचा.

प्रशिक्षणात शिकवलं होतं,
आगीला तीन बाजू : जळण, हवा, उष्णता.
एक काढली की आग मरते.
मी बघत होते.
गोवरी काढू?
वारा माझ्या हातात नाही.
आणि उष्णता तर जैतुराबाई फडक्यात धरून
आधी स्वतःच्या गालाला लावत होती,
मग त्याच्या पोटाला.

बाहेर बांधावर माणसं एकमेकांना हाक देत होती,
"हो ऽ"
"हो ऽ"
बॅटऱ्यांचे उजेड पुंजण्यांवरून फिरत होते.
एकदा वरचं कौल सरकलं, ठिणगी उडाली,
मी पोतं टाकलं तर लेकरू रडलं
आणि जैतुराबाई मला चिडून म्हणाली,
"आगीवर टाक वो, त्याच्यावर कायले टाकतं!"
देवांगना पोट धरून हसली. टाके दुखले तिचे.

पहाटे हाका थांबल्या.
मला वाटलं माणसं झोपली,
पण वाराच बसला होता.

रेंज ऑफिसचा फोन आला,
डोंगरापलीकडे चाळीस हेक्टर गेलं,
तुमच्याकडे काय?
मी सांगितलं, निरंक.
वहीतही तेच लिहिलं.

दार उघडलं तर अंगणात बाया उभ्या,
कुणाच्या हाती पळी, कुणाच्या फुटकं खापर.
काडेपेटी घरोघरी होती,
तरी विस्तव इथलाच न्यायचा होता त्यांना.
जैतुराबाई चिमट्यानं एकेकीला मोजून देत होती,
आईनं लेकीला सोनं द्यावं तशी,
कुरकुरत.

नऊ वाजता मी क्वार्टरवर आले, पाणी तापवलं.
बोटांना ओव्याचा वास.
बुटांतली कुसळं उपटत बसले होते
तर पायरीवरचं एक पान
जरासं सरकलं
आणि परत जागेवर आलं नाही.